हक्कसोड

अडतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले,
नाशिकरोडला, उत्तरेच्या खिडकीपाशी.
आकड्याचं पोट फुटलेलं, जाळी केसभर सरकलेली,
की लाल पेन्सिलीची खूण, आणि तो ताव बाजूला.
त्याच्या जागी ताऱ्याची नोट.
निवृत्तीनंतरही
दुधाच्या पिशवीवरची तारीख मी उजेडाला धरून बघतो.

म्हणून तिने कागद पुढ्यात सरकवला तेव्हा
आधी चष्मा पुसला.
रोहिणी गांगुर्डे, असेल सत्तावीसची,
सिव्हिलच्या मागल्या खोलीत तिचं यंत्र घुमतं.
म्हणाली, काका, हा तुमच्यातला विषाणू, अक्षरांत.
तीन हजार एकशे ब्याऐंशी.
चारच अक्षरं, आलटून पालटून.
मंत्र म्हणावा तर अर्थ नाही,
शिवी म्हणावी तर राग नाही.

याची नक्कल करणारा कारकून
लिहिलेलं परत वाचत नाही, ती म्हणाली.
रोज अब्जावधी प्रती, आणि तपासनीस नाही.
मला हसू आलं. अशा छापखान्यात
जागा निघाली होती, मला कळलंच नाही.
‘चुकलेले ताव जातात कुठे?’
‘बहुतेक मरतात, काका. एखादा
चुकूनच जगतो.’

पेनाच्या टोकाने तिने जागा दाखवली.
जी होता तिथे ए.
एवढंच.
वाक्याच्या मधोमध पूर्णविराम,
आणि ज्या प्रथिनावरून शरीर त्याला हुडकायचं
ते बनायचंच थांबलं.
बारा वर्षं माझे रिपोर्ट शांत,
आत यकृत दगड होत चाललेलं.

दुसऱ्या कागदावर झाड होतं, आडवं पडलेलं.
पानांच्या जागी नंबर.
निफाड, मालेगाव, इगतपुरी, बावन्न माणसं,
सगळी वर्षानुवर्षं हेच पोटात घेऊन भाकरी खाणारी.
मी सतरा.
माझ्या फाट्यावर, अगदी लगत, एकेचाळीस.
‘नाव सांगता येत नाही,’ ती म्हणाली,
‘पण दोघांना एकाच आईकडून आलेलं दिसतंय.’

मी नाव विचारलं नाही.
मागल्या महिन्यात ओपीडीच्या रांगेत
मथुराअक्काची हिरवी पिशवी ओळखली होती मी,
आणि तहान नसताना पाणी प्यायला गेलो होतो.

चौऱ्याण्णव साल, सिन्नर, बापाची साडेतीन एकर.
अक्काने हक्कसोडीवर न वाचता सही केली.
मुद्रांक आमच्याच गावात छापलेला.
मी उजेडाला धरला, जलचिन्ह बरोबर होतं.
त्यापलीकडे
काहीच तपासलं नाही.

रामकुंडावर आमच्या गुरुजींच्या वहीत
सात पिढ्या आहेत. बाप, आजा, पणजा, मी, माझा मुलगा.
आई आहे, कुणाची तरी बायको म्हणून.
अक्का नाहीच. मुली लिहीत नाहीत.
आणि या झाडावर बाप कुठेच नाही.
आम्ही दोघं शेजारी,
मागे जिथे दोन रेषा मिळतात तिथे एक ठिपका, बिननावाचा.
तिचे डोळे पिवळे झाले, पोट मडक्यासारखं फुगलं,
लोक म्हणाले बाहेरचं असेल.
घरचंच होतं.
या वारशाची सोड
कुठला तलाठी नोंदवून घेईल, अक्का?

‘आणि एकेचाळीसमध्ये,’ मी विचारलं, ‘त्या जागी?’
‘तिथे अजून जी आहे.’

म्हणजे दोघांत छपाई चुकलेला मीच.

औषधाची चिठ्ठी घेतली, रोज एक गोळी, चुकवायची नाही.
खिशात लाल पेन्सिल होती. असतेच.
एसटीचं तिकीट बिटकोपर्यंतचं.
बिटको आलं, चार-पाच जण उतरले, दार आपटलं.
कंडक्टर म्हणाला, बाबा, तुमचं आलं ना?
म्हटलं, वाढवून दे.
सिन्नर.